इंटिरियरला

“हेच का ते इंटिरियर?”

मी हापशावर कळशी भरत होते. खडखडाटात आवाज नीट ऐकू आला नाही, पण ओळखीचा वाटला म्हणून वळले. मागे आप्पा उभे होते. पांढऱ्या शर्टावर, टोपीवर, भुवयांवरसुद्धा तांबडी धूळ. एका हातात रेक्झिनची बॅग, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. त्यांच्या पाठीमागे सिमेंटचा ट्रक वळण घेत होता.

“आप्पा, तुम्ही? कसे आलात?”

“सिमेंटच्या पोत्यावर बसून.” त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. माझ्या पायांत चप्पल नव्हती. “कळशी सोड ती. भरली कवाच.”

मी कळशी उचलायला वाकले तर त्यांनी बॅग खाली ठेवून माझ्या आधी कळशी उचलली. इस्लामपुरात दुकानाच्या गल्ल्यावरून न उठणारा माणूस खांद्यावर पाण्याची कळशी घेऊन माझ्यापुढे चालत होता, आणि कुठे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मी मागून “डावीकडे, आप्पा” म्हणत होते.

सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर. माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. आम्ही राहायचो ते चिंचपाणी धडगावच्याही पुढे, सातपुड्याच्या आत. गाव म्हणजे डोंगरउतारावर लांब लांब विखुरलेली पावरा आदिवासींची घरं, आणि ओढ्याकाठी कॉन्ट्रॅक्टरनं आपल्या माणसांसाठी उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोल्या. त्यातल्या दोन आमच्या. दिवे नव्हते. बाजार धडगावला, डॉक्टर धडगावला. गाडेकर, म्हणजे माझे मिस्टर, तिथं रस्त्याचं आणि पुलाचं काम बघत होते. मी त्यांना तेव्हाही गाडेकरच म्हणायची, अजूनही म्हणते.

आप्पा उंबऱ्यात थांबले. हातानं दाराची चौकट चाचपली. जन्मभर लाकडात काम केलेला माणूस. चौकट आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून त्यांची दोन बोटं आरपार गेली. ती बोटं तशीच ठेवून ते म्हणाले, “इथनं साप येत असतील.”

“नाही येत.” मी म्हणाले. एकदाच आला होता.

पाणी प्यायले, पण टोपी काढली नाही. बसले ते खोलीतल्या एकुलत्या एका लोखंडी खुर्चीवर, कडेला, लगेच उठायचं असल्यासारखे.

“पहिला दिवाळसण म्हणून रीतीनं आमंत्रण द्यायला पुण्याला गेलो,” ते सांगू लागले. “तुझ्या सासूनं चहा दिला. मी म्हटलं, दोघं दिसत न्हाईत. ती म्हणाली, ती दोघं इंटिरियरला असतात. मी विचारलं, कुणाच्या बंगल्याचं काम चाललंय?”

ते थांबले. मी चुलीत काटक्या सारत होते.

“ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. मग म्हणाली, बंगल्याचं कसलं, डोंगरात असतात, आदिवासी भागात. लग्नाच्या आधीपास्नं तिकडंच आहे तो. तुम्हाला माहीत आहे की सगळं.”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, व्हय, माहीत हाय. आणि एष्टीत बसलो. धुळ्याला एक रात्र काढली. शहाद्याला कुणाला विचारलं तर म्हणाला, तिकडं कशाला जाता, इंटिरियर आहे.” आप्पा हसल्यासारखे झाले. “तिथं मला त्या शब्दाचा अर्थ कळला. शहाद्याच्या स्टँडावर.”

हे सगळं कळायला आमचं दुकान माहीत पाहिजे. ‘सुतार फर्निचर मार्ट’ हे इस्लामपुरातलं जुनं दुकान. सागवानी कपाटं, शिसवी पलंग, लग्नाच्या रुखवतातली ड्रेसिंग टेबलं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गावातल्या एका डॉक्टरांनी नवा बंगला बांधला. आप्पा लाकडाचे नमुने घेऊन गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आम्हाला फर्निचर नकोय हो, आम्ही इंटिरियर करून घेतोय.” कोल्हापूरची माणसं आली आणि त्यांनी भिंतीतच कपाटं बसवली, छताखाली दुसरं छत केलं. आप्पा ते बघून आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग मात्र तो शब्द त्यांनी धरलाच. जेवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, सगळीकडे. “फर्निचरचे दिवस संपले. आता इंटिरियर.”

अशा वेळी गाडेकरांचं स्थळ आलं. बरोबर त्यांचे चुलते होते, वजनदार माणूस. दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. चुलत्यांनी सांगितलं, “मुलगा सिव्हिल डिप्लोमा. पुण्यातल्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. सध्या इंटिरियरला असतो.”

आप्पांचा चेहरा उजळला. “इंटिरियरला? वा.”

“काही लोक नाक मुरडतात हो इंटिरियर म्हटलं की.”

“ज्यांना कळत न्हाई ते मुरडतात,” आप्पा म्हणाले. “इथनं पुढचं सगळं काम इंटिरियरचंच हाय.”

चुलते खूश झाले. देशासाठी एवढा कळवळा असणारा व्यापारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. एक ‘इंटिरियरला’ म्हणत होता, दुसरा ‘इंटिरियरचं’ म्हणत होता, आणि दोघंही माना डोलवत होते. पोह्यांच्या बश्या घेऊन मी दारात उभी होते.

आप्पांची अट एकच होती. जावई बदलीच्या नोकरीतला नको आणि आडरानातला नको. ही अट मालनमुळे पडली होती. मालन माझी मोठी बहीण. तिचा नवरा जंगल खात्यात होता, चंद्रपूरकडे. दुसऱ्या पावसाळ्यात ती बाळंतपणात अडली. मधल्या नाल्याला पूर होता, गाडी अलीकडे आणि ती पलीकडे. आम्हाला तार मिळाली तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर आप्पा मला म्हणाले होते, “तुला मी दवाखान्याच्या दारात देणार. मग मुलगा काळा असू दे न्हाईतर ठेंगणा.”

आणि आता ते चिंचपाणीच्या पत्र्याच्या खोलीत बसून विचारत होते, “दवाखाना कुठं हाय इथं?”

“धडगावला.”

“पावसाळ्यात गाडी जाती?”

मी चुलीत फुंकर घातली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग त्यांनी कापडी पिशवी उघडली. आत माझ्यासाठी दिवाळीची साडी होती, चिवड्याचा डबा होता, आणि दोरीत ओवलेला सनमायकाच्या नमुन्यांचा जुडगा होता. लाकडाच्या रेषांचे, संगमरवरासारखे, एक निळा. “जावयाला दाखवायला आणला होता,” ते म्हणाले. “दुकानाचा पुढचा भाग मोडून नवा करायचा म्हणत होतो. त्यांनी रंग निवडावा. बोर्ड करायला दिलाय. सुतार फर्निचर अँड इंटिरियर्स.” जुडगा त्यांनी परत पिशवीत ठेवला. “पेंटरला पैसे देऊन झालेत.”

गाडेकर दुपार कलल्यावर आले. पुलाच्या पायात पाणी लागलं होतं म्हणून गुडघ्यापर्यंत चिखल. आप्पांना बघून त्यांचा चेहरा फुलला. पाय धुवायलाही न थांबता ते नमस्काराला वाकले. आप्पांनी पाय मागे घेतले.

“पाया पडू नका. आधी बसा.”

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. गाडेकर उभेच राहिले.

“तुम्ही माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन मला फसवलंत,” आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “माझी एक पोरगी अशाच रानात गेली. ते तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या चुलत्यांसमोर सांगितलं होतं. आणि तरी तुम्ही इंटिरियर, इंटिरियर म्हणत मला खेळवलंत.”

“खेळवलं?” गाडेकर म्हणाले. “मामा, मी तर...”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चुलीपाशी होते. माझी नजर तव्यावर गेली आणि तिथंच राहिली.

बाहेर ट्रकमधून पोती उतरवत होते. धप्, धप् आवाज येत होता. चार-पाच पोती उतरली.

“माझं चुकलं, मामा,” गाडेकर म्हणाले. “मी स्पष्ट सांगायला पाहिजे होतं.”

“पाहिजे होतं न्हवं?”

“हो.”

“मग का न्हाई सांगितलंत?”

“तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.”

“म्हणजे समजून उमजून केलंत.” आप्पा उठले. “शिकलेली माणसं तुम्ही. मी चौथी शिकलेला सुतार. मला इंग्रजीत गुंडाळलंत. ह्याच्यापेक्षा चोर बरा, तो निदान रात्री येतो.” दारात पोती मोजणारा मुकादम थांबून आत बघू लागला. आप्पांनी त्याच्यासमोरच सांगितलं, “उद्या सकाळी हा ट्रक परत जाईल तेव्हा मी माझी पोरगी घेऊन जाणार. दोन्ही घरचे बसून पुढचं काय ते ठरवतील.”

गाडेकरांनी मान हलवली आणि पाय धुवायला मागे गेले.

मी तांब्या घेऊन त्यांच्यामागे गेले. ते दगडावर बसून चिखल खरवडत होते. मी पाणी ओतत राहिले.

“का घेतलंत अंगावर?” मी हळूच विचारलं.

“तू सांगितलं नव्हतंस,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. “वखारीत मी तुला काय काय सांगितलं होतं?”

“सगळं.”

सगळंच सांगितलं होतं. बैठकीनंतर आम्हा दोघांना बोलायला म्हणून मागच्या वखारीत पाठवलं होतं, फळ्यांच्या चवडीपाशी. गाडेकर म्हणाले होते, “मी पुण्यात नसतो. धडगावच्या पुढे असतो, दिवे नाहीत तिथं. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस रस्ता बंद होतो. अजून दोन-तीन वर्षं तरी तिकडेच काढावी लागतील. तुमच्या वडिलांना हे चालतंय याचं मला नवल वाटलं. तुम्हाला चालेल का?”

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. तोवर मला बघून गेलेल्या प्रत्येकानं स्वतःला फुगवून सांगितलं होतं. पगार, घर, गाडी, सगळं होतं त्यापेक्षा दीडपट. हा पहिलाच माणूस स्वतःचं उणं आधी सांगत होता. मला तो तिथंच आवडला. “चालेल,” मी म्हणाले. “पण घरी एकदा नीट बोलून घ्या,” ते म्हणाले. मी म्हणाले, “बोलते.”

बोलले नाही. बोलले असते तर स्थळ त्याच दुपारी परत गेलं असतं. आप्पांना काय समजलंय हे मला दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभं असतानाच कळलं होतं. मी लग्न होईपर्यंत, आणि नंतर घरी लिहिलेल्या पत्रांतही, ते तसंच राहू दिलं. लग्नाच्या मांडवात आप्पा जावयाला म्हणाले, “कामाला माणसं मिळतात का तिकडं?” गाडेकर म्हणाले, “फार अवघड आहे, मामा.” “आमच्याकडं पण तेच,” आप्पा म्हणाले. मी मध्येच त्यांना जेवायला बोलावून नेलं.

“मला वाटत होतं, त्यांना सगळं माहीत आहे,” गाडेकर दगडावर बसून म्हणत होते. “एक मुलगी अशी गेल्यावर दुसरी इतक्या लांब देणारा माणूस म्हणजे केवढा मोठा. मी मनातल्या मनात किती वेळा त्यांना हात जोडले असतील.”

“मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“तुझं तू ठरव.” त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः ओतून घेतलं. “पण मला एक सांग. माझ्याशी असं कधी काही केलंयस?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवायचा की नाही हे ते ठरवत होते, आणि ते मला दिसत होतं. पाच महिन्यांत तशा नजरेनं त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

मी आत गेले तेव्हा आप्पा भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून. दोन दिवसांच्या प्रवासानं चेहरा उतरला होता. जेवून झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. त्यांनी जावयाच्या घरचं अन्न नको म्हणून आपला चिवडाच खाल्ला. मग म्हटलं, झोप होऊ दे.

सकाळी जाग आली तेव्हा गाडेकर कामावर निघून गेले होते. माझी ट्रंक त्यांनी माळ्यावरून काढून दारापाशी ठेवली होती. मी तीत चार साड्या भरल्या. का भरल्या, ते आजही मला सांगता येणार नाही. खरं सांगून इथंच राहायचं, की न सांगता निघून जायचं, यातलं मी काहीच ठरवलं नव्हतं. हात आपोआप चालत होते.

ट्रक रस्त्याला लागायचा तिथं मोहाचं मोठं झाड होतं. तिथपर्यंत पायवाट. आप्पांनी ट्रंक डोक्यावर घेतली. “मला द्या,” म्हटलं तर ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ज्वारी होती. ज्वारीत शिरण्याआधी खाली पुलाच्या कामावर गाडेकर पाठमोरे उभे दिसले. त्यांनी वर बघितलं नाही.

निम्म्या वाटेत आप्पा थांबले. ट्रंक उतरवून खाली ठेवली. वाटलं, दमले. पण त्यांनी टोपी काढली, हातात धरली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“शालन, मला माफ कर.”

“आप्पा, काय बोलताय?”

“बोलू दे. काल त्यांना बोललो, पण चूक त्यांची एकट्याची न्हाई. मला त्या दिवशी वाटलं होतं विचारावं, इंटिरियर म्हणजे नेमकं काय करता? तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारलं तर त्यांचे चुलते म्हणतील, ह्याला एवढं पण माहीत न्हाई. म्हणून गप बसलो. उलट शहाण्यासारखं बोललो.” “मालनला नशिबानं नेलं म्हणायचं. तुला माझ्या दिमाखानं रानात टाकलं. पुण्यापास्नं इथवर हेच घोकत आलोय. तुझी आई असती तर तिला काय तोंड दाखवलं असतं?”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. लाकूड तासून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते. त्या हातांतून हात काढून घ्यावेत असं मला वाटलं, पण काढता आले नाहीत.

“आप्पा, मला माहीत होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“इंटिरियर म्हणजे हे. ह्यांनी मला वखारीत सगळं सांगितलं होतं. दिवे नाहीत, रस्ता बंद होतो, सगळं. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही.”

त्यांनी हात सोडले नाहीत लगेच. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग एकेक बोट सुटत गेलं.

“तुला ठाव होतं, मला काय वाटतंय ते?”

“हो.”

“मालनचं ठाव असून?”

“हो.”

ते ट्रंकेवर बसले. ज्वारीतून वारा जात होता. मोहाच्या झाडाकडून ट्रकवाल्यानं एकदा हॉर्न दिला आणि पुन्हा दिला.

“का गं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो.”

“मला हेच पाहिजे होते.”

आप्पांनी मान हलवली. एखाद्या मापात चूक कुठं झाली हे सापडल्यावर हलवायचे तशी. “मग भांडायचं होतंस,” ते म्हणाले. “दोन दिवस जेवायचं न्हाई, रडायचं, आदळआपट करायची. पोरी करतात तसं. मी किती दिवस टिकलो असतो?” थोडं थांबून म्हणाले, “मला खुळा करायची काय गरज होती?”

खरोखरच ते दोन दिवसांच्या वर टिकले नसते, आणि हे मला त्या क्षणी कळलं.

“काल मी त्यांना चोर म्हणालो,” आप्पा म्हणाले. “मुकादमासमोर म्हणालो. तू चुलीपाशी बसून ऐकत होतीस.”

ते उठले. ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतली आणि आल्या वाटेनं परत निघाले. मी मागे मागे. खोलीच्या दारात ट्रंक ठेवली, टोपी घातली आणि सरळ खाली पुलाकडे गेले. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. लांबून शब्द ऐकू आले नाहीत. मुकादमाला आप्पांनी हातानं जवळ बोलावलं. मग ते मुकादमासमोरच जावयाच्या पायाशी वाकायला लागले आणि गाडेकरांनी त्यांना मधेच धरलं. दोघं तसेच एकमेकांचे दंड धरून उभे राहिले. मग आप्पा ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

त्या दिवाळीला आम्ही इस्लामपूरला गेलो नाही. कोणी बोलावलं नव्हतं. गाडेकर माझ्याशी नीट वागत होते. आवाज न चढवता, सगळं वेळेवर. पण मी काही सांगितलं की ते क्षणभर थांबायचे आणि मग “बरं” म्हणायचे. तो क्षण कमी होत होत जायला एक वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. गाडेकरांनी आप्पांना कळवलं. पाऊस सुरू व्हायच्या आधीच आप्पा धडगावपर्यंत जीप करून मला न्यायला आले. इस्लामपुरात दवाखान्यासमोरच्या चाळीत त्यांनी माझ्यासाठी एक खोली घेऊन ठेवली होती. घर तिथून दहा मिनिटांवर असताना. मुलगा झाला. आप्पा त्याला मांडीवर घेऊन तासन्तास बसायचे. माझ्याशी बोलायचे ते दूध, औषध, टोपडं एवढंच.

मला वाटायचं, मी काय केलं ते त्यांनी घरात सांगितलं असेल. काका, आत्या, सगळ्यांना. माझ्याकडे बघून कोणी कुजबुजलं की मी मान खाली घालायची. पण कोणी कधी काही बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग कऱ्हाडला चुलत बहिणीचं लग्न निघालं. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. रात्रीच्या पंगतीच्या आधी मांडवात सगळे गप्पा मारत बसले होते, नव्या व्याह्यांकडचेही. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, “गणपतराव, तुमचे जावई काय करतात?”

“इंटिरियरला असतात,” आप्पा म्हणाले, आणि आमच्याकडची सगळी माणसं हसायला लागली.

“सांगा, सांगा,” काका म्हणाले. “व्याह्यांनी ऐकलेलं न्हाई.”

आप्पा सरसावून बसले. पोह्यांची बैठक त्यांनी उभी केली, चुलत्यांचा आवाज काढला, स्वतःचा काढला. “मी आपला खुळा,” ते म्हणाले, “पिशवीत सनमायका घेऊन सातपुड्यात. सिमेंटच्या पोत्यावर बसून. म्हटलं, जावई रंग निवडतील.” माणसं पोट धरून हसत होती. किती वेळा सांगून सांगून ती गोष्ट घोटली गेली होती ते ऐकताना कळत होतं. कुठं थांबायचं, कुठं टोपी मागे सारायची, सगळं ठरलेलं. त्या गोष्टीत एक अडाणी सुतार होता आणि एक इंग्रजी शब्द होता. तिसरं कोणी नव्हतं.

गाडेकर मुलाला कडेवर घेऊन उठले आणि मांडवाबाहेर गेले.

माझ्याशेजारी बसलेल्या विहीणबाई डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्हाला हो? तुम्हाला तरी ठाऊक होतं का, कुठं चाललोय ते?”

हसणं जरा ओसरलं. दहा-बारा चेहरे माझ्याकडे होते. मी तोंड उघडलं.

“तिला काय विचारता,” आप्पा पलीकडून म्हणाले. “बापालाच न्हाई कळलं, तर पोरीला कुठनं कळणार?”

“हो ना,” मी म्हणाले.

पुन्हा हशा झाला. कोणीतरी पानं मांडली म्हणून ओरडलं, आणि आप्पा धोतर सावरत उठून व्याह्यांना हाताला धरून पंगतीकडे घेऊन गेले.